अपोलोनियाचा डावा हात

"पोलीस स्टेशन? लवकर या. माझे मिस्टर दार लावून बसलेत. हातात दात उपटायचा चिमटा आहे."

"कुठून बोलताय?"

"सावेडीतून. दाताचे डॉक्टर शामकांत दाणी, त्यांची बायको मी. नीलांबरी."

"आत ते एकटेच आहेत का?"

"नाही. आत एक बाई आहे. पण ती चित्रातली आहे."

उपनिरीक्षक पंकजा ढाकणेने फोन ठेवला. हवालदार बजरंग टेबलापाशीच घोटाळत होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

"मॅडम, चित्रातल्या बाईला कुठलं कलम लागतं?"

"तिला नाही, चिमट्याला लागतं. गाडी काढ."

बंगल्याचं फाटक उघडलं ते पुतण्याने. अनीश दाणी, चाळिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मात्र मऊ. हॉलमध्ये एक बॅग भरून तयार होती.

"काकूंनी उगाच तुम्हाला धावपळ करायला लावली," तो म्हणाला. "काका विसरायला लागलेत. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी ते मलाच विचारायचे, तू कोण म्हणून. पुण्याजवळ अशा लोकांना सांभाळणारी एक जागा आहे. संध्याकाळी गाडी येतेय न्यायला."

नीलांबरी त्याच्या मागे उभी होती. सत्तरीची ताठ बाई, पण पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळणं काही थांबत नव्हतं.

"मी हो म्हटलंय," ती म्हणाली. "ते खरंच विसरत असतील तर जायलाच हवं. आणि नसतील, तर मी माझ्या चांगल्या शुद्धीतल्या नवऱ्याला घराबाहेर काढतेय. दोन्हींतलं खरं काय ते मला कळत नाही, आणि मला फार भीती वाटते."

घराच्या मागच्या अंगाला डॉक्टरांचा जुना दवाखाना होता. पंकजाने दार वाजवलं.

"डॉक्टर, मी पोलीस. दार उघडा."

"तुम्ही या घरात आधी कधी आलात?"

"नाही."

"माझं चित्र पाहिलंय?"

"नाही."

"मग एकट्या आत या. मला असंच माणूस हवं होतं."

कडी निघाली. पंकजा आत गेली आणि दोन पावलांवरच थबकली. चारही भिंतींवर एकच बाई होती. लहान, मोठी, रंगीत, काळीपांढरी, कुठे राणीच्या थाटात तर कुठे भिकारणीसारखी. प्रत्येक चित्रात तिच्या हातात चिमटा, आणि प्रत्येक चिमट्यात एक दात. पंकजाने नकळत स्वतःच्या गालावर हात ठेवला.

डॉक्टर पेशंटच्या खुर्चीत बसले होते. एका डोळ्यावर काळ्या चष्म्याआड पट्टी, उजव्या हातात चिमटा, आणि तो हात तसाच वर धरलेला.

"संत अपोलोनिया," ते म्हणाले. "इजिप्तमधली. छळ करणाऱ्यांनी दात पाडले तरी बाईने धर्म सोडला नाही. तेव्हापासून दातदुखीवाले तिचा धावा करतात. पेशंट म्हणून आलेल्या एका सिस्टरने मला तिचं एवढंसं छापील चित्र दिलं होतं. मग नादच लागला. कुठून कुठून मागवली."

"आणि समोरचं हे मोठं?"

"सगळ्यांत जुनं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, तीनशे वर्षांपूर्वीचं. खाली लॅटिन ओळ होती म्हणे. माझ्याकडे आलं तेव्हा कुणीतरी ती कापून टाकलेली होती. एक अक्षर नाही त्यावर. आपल्या हनुमंत फ्रेमवाल्याने देवाच्या तसबिरीसारखी काच दाबून बसवून दिली. तेव्हापासून ती इथेच, माझ्यासमोर. मला सांगा, चिमटा कुठल्या बाजूला आहे?"

"दाराच्या बाजूला."

डॉक्टरांचा हात खाली आला.

"माझ्या डोक्यात तो खिडकीच्या बाजूला आहे. तिचा उजवा हात. दात काढताना माझाही हात असाच असायचा, म्हणून मला ती जवळची वाटायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो, परत आलो, तर बाईने हात बदललेला. मी फ्रेम उघडून पाहिली. कागद जुना आहे. पत्र्याच्या दाबाची कड बोटाला लागते. म्हणजे चित्र खरं आहे. मग खोटा कोण? मीच ना?"

"तो चिमटा माझ्याकडे द्या, डॉक्टर."

त्यांनी मुकाट्याने दिला. "मी जिवाला काही करणार नव्हतो. कुठला हात ते बघत होतो. आज हिचा हात विसरलो, उद्या नीलाला विसरेन. भावाचं पाहिलंय मी. फार वाईट असतं ते."

नीलांबरीने पंकजाला स्वयंपाकघरात नेलं, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात हळूच बोलली.

"मी एक गोष्ट कुणाला सांगितली नाहीये. अनीशला तर नाहीच, तो मलाही यांच्याबरोबर गाडीत बसवेल. काल दुपारी ऊन तिरपं झालं तेव्हा मी त्या मोठ्या चित्रासमोर उभी होते. त्या बाईच्या अंगातून दुसरी बाई बाहेर आली."

"म्हणजे?"

"पांढुरकी, धुरकट. तिचा हात खिडकीकडे. पहिलीचा दाराकडे, दुसरीचा खिडकीकडे. मी ओल्या कागदाने काच खसाखसा पुसली. गेली नाही. ऊन सरल्यावर आपोआप गेली. हे सांगताना माझे हातपाय गार पडलेत बघा."

पंकजाने तिचा हात धरला. खरंच गार होता.

"काकू, चित्र आधी कसं होतं ते तुम्हाला आठवतच असेल."

"दात उपटलेल्या बाईकडे कोण बघत बसतं हो? मी त्या खोलीत गेले तरी मान खाली घालून झाडायची. आणि अनीशच्या मोबाईलमध्ये दिवाळीचा फोटो आहे. त्यात ती डावरीच आहे. म्हणून तर मी हो म्हटलं."

"डॉक्टरांच्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही दोघं हॉस्पिटलात होतात तेव्हा घराची किल्ली कुणाकडे होती?"

"एक अनीशकडे. एक शीलवंत पाटोळ्यांकडे. यांचे मित्र. ते झाडांना पाणी घालायला यायचे."

पंकजा पुन्हा चित्रासमोर जाऊन उभी राहिली. सकाळच्या उजेडात तिथे एकच बाई होती. बजरंगने दारातूनच मान आत घातली.

"मॅडम, मी भाईर थांबतो. ह्या बाया लई येकटक बघत्यात."

अनीशने फोटो लगेच दाखवला. चित्र चौकटीसकट, चिमटा दाराच्या बाजूला.

"सगळ्या चित्रांचे फोटो तुम्हीच काढलेत?"

"हो. काकांना म्हटलं, नीट यादी करून ठेवू. पुढेमागे काही झालं तर उपयोगी पडेल."

"समजा, आपलं समजा हं, की चित्र खरंच बदललंय. मग कुणी बदललं असेल?"

अनीशने आवाज आणखी मऊ केला. "मला कुणाचं नाव घ्यायचं नाही. पण शीलवंतकाकांकडे किल्ली होती. जन्मभर ते छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होते. हाताने छापायची विद्या त्यांच्याशिवाय आता नगरात कुणाला येते? आणि ते ख्रिस्ती. संतिणीचं चित्र त्यांना किती मोलाचं वाटत असेल, तुम्हीच बघा."

"तुम्हीही छपाईतच आहात ना?"

"माझं ऑफसेट. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. चला की, प्रेसवर एक पत्रिका बघायला मला जायचंच आहे."

प्रेस जवळच होता. माणूस मशीनवर पातळ पत्रा चढवत होता. पंकजाने वाकून पाहिलं. पत्र्यावरचं नाव तिला सहज वाचता आलं: चि. सौ. कां. सृष्टी.

"हे सरळच दिसतंय. ठसा उलटा असतो ना?"

"तो जुन्या छपाईत, मॅडम," अनीश हसून म्हणाला. "आमच्याकडे पत्र्यावर सरळच असतं. ते आधी रबरावर उलटं उतरतं आणि रबरावरून कागदावर पुन्हा सरळ. उलट्याची भानगडच नाही."

कोपऱ्यात एक काळं, पायाने चालवायचं जुनं मशीन उभं होतं.

"हे?"

"ट्रेडल. कागदावर ठसा दाबून छापतं. बिलबुकांवर नंबर टाकायला ठेवलंय. बाकी भंगार आहे."

पंकजाने बाहेर येऊन पोलीस स्टेशनला एक फोन केला आणि मग बजरंगला गाडी जुन्या मिशन कंपाउंडकडे घ्यायला सांगितली.

शीलवंत पाटोळे दारात सोललेला लसूण चाळणीत वाळत घालत होते. त्यांनी दोघांना "सलाम" केला आणि पंकजाला खुर्ची दिली. दाणी हे नाव ऐकताच त्यांचा चेहरा उतरला.

"डॉक्टर कसे आहेत?"

"संध्याकाळी त्यांना घेऊन जाणार आहेत. पाटोळेकाका, ते चित्र तुम्हाला हवं होतं का?"

"मला? बाई, आम्ही प्रोटेस्टंट. आमच्यात संतांना मान असतो, पूजा नसते. अपोलोनिया कोण हे मला माहीतसुद्धा नव्हतं. एका ब्राह्मणाने मला तिची ओळख करून दिली. मी जायचो ते डॉक्टरांच्या गप्पांसाठी."

"पण पाहिलंत तर असंख्य वेळा. चिमटा कुठल्या बाजूला होता?"

म्हाताऱ्याने लसणाची चाळणी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "इथेच मी हरतो. खिळे जुळवण्यात जन्म गेला. आधी उलटं वाचायला शिकलो आणि नंतर उलटं काय अन् सरळ काय, डोळ्याला दोन्ही सारखंच झालं. डॉक्टरांनीही मला हेच विचारलं. मला ठामपणे सांगता येईना. ते माझ्याकडे असे घाबरून बघत राहिले की मी तिथून उठून आलो. पुन्हा जायचा धीर झाला नाही."

पंकजाने बजरंगच्या पिशवीतून पोलीस स्टेशनचा रबरी शिक्का काढला आणि रबराची बाजू त्यांच्यापुढे धरली. शीलवंतांनी तो वर्तमानपत्रासारखा भराभर वाचून दाखवला.

"आता सांगा, हा सरळ आहे की उलटा?"

"उलटाच असणार. त्यात बघायचं काय? सरळ कोरला तर कागदावर उलटा उठेल. छापखान्यात पाऊल टाकल्याबरोबर हे आमच्या हाताला शिकवायचे."

"शिकाऊ असतानाही कधी चुकलात?"

"यात? नाही. यात चुकलेल्याला लोक दिवसभर हसायचे."

ऊन कलायला लागलं तेव्हा पंकजाने सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं. डॉक्टर खुर्चीत, नीलांबरी त्यांच्या पाठीशी, शीलवंत भिंतीला टेकून. अनीश घड्याळ बघत होता. बजरंग दारात, एक पाय बाहेर ठेवून.

"मॅडम, गाडी निघालीय," अनीश म्हणाला.

"येऊ दे. आपण जरा थांबू."

खिडकीतून आलेलं ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं आणि तिरपं होऊन मोठ्या चित्राच्या काचेवर पडलं.

नीलांबरीने डॉक्टरांचा खांदा गच्च पकडला. चित्रातल्या बाईच्या मागून हळूहळू दुसरी बाई दिसू लागली. पांढुरकी, डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. तिचा हात खिडकीकडे होता आणि त्या हातातही चिमटा होता. बजरंगचा दुसरा पायही बाहेर गेला. पंकजाला सगळं माहीत होतं, तरी ती एक पाऊल मागे सरली.

"मलाही दिसतेय," डॉक्टर कापऱ्या आवाजात म्हणाले. "सगळ्यांना दिसतेय का?"

"सगळ्यांना, डॉक्टर."

पंकजाने फ्रेम उतरवली, मागचे खिळे वाकवले, पुठ्ठा काढला. चित्र तिने टेबलावर ठेवलं आणि नुसती काच खिडकीपाशी धरली. मागे बजरंगची काळी छत्री उघडून लावली. चित्र टेबलावर होतं. बाई काचेत होती.

"भूत नाही हे," ती म्हणाली. "आमच्या घरी शेवगावला दत्ताची तसबीर होती. कागद जीर्ण झाला म्हणून वडिलांनी फ्रेम उघडली. कागद काढला तरी दत्त काचेवर तसाच राहिला होता. आजीने त्या नुसत्या काचेलाच हळदकुंकू वाहिलं. चित्र वर्षानुवर्षं काचेला चिकटून राहिलं की कागदातला, शाईतला तेलकट अंश काचेच्या आतल्या बाजूला बसतो. म्हणून काकूंनी बाहेरून कितीही पुसलं तरी ती निघेना. हनुमंतने काच दाबून बसवली होती. या काचेवर जी बाई आहे, ती इथे इतकी वर्षं राहिलेली खरी अपोलोनिया. तिचा हात खिडकीकडे आहे. आजवर दोघी एकमेकींवर बसत होत्या, म्हणून ती कुणाला दिसली नाही. चित्र बदललं, काच तीच राहिली, आणि ती उघडी पडली."

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ते हातांआडून म्हणाले.

"बरोबर होतं. आता बदललं कुणी? किल्ल्या दोघांकडे. छपाई दोघांना येते. डॉक्टर कडेला बोट फिरवून पत्र्याचा दाब बघतात हे चोराला ठाऊक होतं, म्हणून साधी झेरॉक्स चालणार नव्हती. त्याने फोटोवरून धातूचा ठसा करून घेतला आणि जुन्या कागदावर दाबला. पण कागदावर बाई उलटी उठली. कारण ठसा सरळ होता."

शीलवंत ताठ उभे राहिले.

"पाटोळेकाका ही चूक करणार नाहीत. उजवं-डावं आठवताना ते गोंधळतील, पण ठसा उलटा करायचा हे त्यांच्या हातात मुरलंय. ठसा सरळ ठेवायची सवय कुणाला असते? ज्याच्या पत्र्यावर सगळं सरळच असतं त्याला. ज्याच्याकडे उलट्याची भानगडच नाही त्याला. तुम्हीच मला समजावलंत, अनीशराव."

"ठसे पुण्यात होतात," अनीश म्हणाला. आवाज अजून मऊच होता. "करणाऱ्याला कळलं नसतं का?"

"लग्नपत्रिका असती तर अक्षरं बघून कळलं असतं. या चित्रावर एक अक्षर नाही. दिलं तसं त्याने केलं."

"आणि माझ्या मोबाईलमधला फोटो?"

"तो उलटा करायला एक बोट पुरतं. काच उलटी करता येत नाही."

"हा पुरावा नाही."

"नाही. पुरावा तुमच्या ट्रेडलच्या खालच्या खणात सापडला. मघाशी मी माणसं पाठवली होती. भंगारात टाकायचा राहिला तुमच्याकडून तो ठसा."

अनीश टेबलाच्या कडेवर बसला. इस्त्रीचा शर्ट पहिल्यांदाच चुरगळला.

"पुन्हा का नाही छापलंत?" पंकजाने विचारलं.

"जुना कोरा कागद एकच मिळाला होता. एका जुन्या पुस्तकातला. आणि मूळ चित्र तोवर विकून झालं होतं, बाहेर देशात." तो काकांकडे बघत नव्हता. "मला वाटलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, यांच्या लक्षातच येणार नाही. पण आल्या आल्या काका म्हणाले, हिने हात बदलला. माझ्या तोंडून निघून गेलं, काका, ती आधीपासून डावरीच आहे. आणि काकांचा चेहरा असा झाला... बाबांचा व्हायचा तसा. मग मला पुढचं सगळं दिसलं."

"काका गेले की बाकीची चित्रंही तुमचीच. आणि ती कशी होती हे सांगणारा कुणी उरला नसता."

नीलांबरी पुढे आली. "तुझ्या वडिलांना मी भरवलंय," ती म्हणाली. "शेवटी ते मला आई म्हणायचे. ते सगळं तू डोळ्यांनी पाहिलंस आणि तीच भीती उचलून आमच्या घरात आणलीस. मी तुला या घरातला मुलगा समजत होते. आता जा."

बजरंग आत आला. या वेळी दोन्ही पायांनी. "चला, सायेब," तो अनीशला म्हणाला, आणि त्याला घेऊन गेला.

शीलवंत डॉक्टरांच्या शेजारी बसले. नीलांबरीने चहा टाकला आणि सगळ्यांना दिला. तिचे हात आता गार नव्हते. बाहेर फाटकापाशी हॉर्न वाजला. पुण्याची गाडी आली होती.

"मी सांगते त्यांना परत जायला," नीलांबरी हसत उठली.

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. चेहरा निवांत होता, फार दिवसांनी. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि दाराकडे बघत विचारलं, "अनीश कुठे राहिला? त्याचा चहा निवतोय."

शीलवंतांच्या हातातला कप तसाच राहिला. पंकजाने नीलांबरीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. खोटं पकडण्यात तिचा दिवस गेला होता.

"कामाला गेला तो," नीलांबरी म्हणाली. "तुम्ही तुमचा घ्या."

हॉर्न पुन्हा वाजला. ती उंबऱ्यात क्षणभर थांबली. सकाळची सगळी भीती परत आली होती, आणि या वेळी ती कुणी बनवलेली नव्हती. मग ती फाटकापर्यंत गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "तुम्ही निघा. आमच्याकडून कुणी येणार नाही."

गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत ती फाटक धरून उभी राहिली. आणि मग आत गेली, नवऱ्याजवळ बसायला.